नलिनीकाकूंनी पाडलेली माझी भिंत

मला वाटलं होतं, अमेरिकेतल्या या कॅरी गावात मराठी किल्ल्यांबद्दल बोलणारी मी एकटीच असेन. जन्म माझा इथलाच, पण दहा वर्षांची असताना आई-बाबा पुण्याला परतले आणि शाळा, कॉलेज, आर्किटेक्चरची पाच वर्षं सगळं तिकडेच झालं. सुट्ट्या लागल्या की टेप आणि वही घेऊन सह्याद्रीतले दरवाजे मोजत हिंडायचे. नोकरीसाठी परत आले तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि नकाशे जास्त होते. इथल्या लोकांना जे माहीत नाही ते आपण शिकवायचं, हे विमानातच ठरवून टाकलं होतं.

प्रत्यक्षात दिसलं ते असं: वॉल्टरच्या गराजमध्ये ट्रॅकपँट आणि स्नीकर्स घातलेल्या सदुसष्ट वर्षांच्या एक मराठी काकू बसल्या होत्या. समोर फोमचा बुरूज. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळून गोळा केलेला, आणि तो बुरुजावर दाबून दाबून त्या दगडाचा पोत उठवत होत्या. पोत अगदी खरा. मी खास मागवलेल्या तीन रोलरनी तसा कधीच उठला नाही.

वॉल्टर रिटायर्ड सर्व्हेअर. त्याच्या गराजमध्ये दर शनिवारी आठ-दहा जण जमतात आणि इतिहासातल्या लढाया टेबलावर खेळतात. अंगठ्याच्या पेराएवढे धातूचे शिपाई, अंतर मोजायला टेप, नशीब ठरवायला फासे. किल्ले मात्र विकत आणायचे नाहीत, आपापले बांधायचे. घराच्या भिंतीत घालतात तो गुलाबी फोम हार्डवेअर स्टोअरमधून आणायचा, कापायचा, रंगवायचा. या गराजमधले किस्सेही त्या फोमच्या भुशासारखेच आहेत. कितीही झटका, स्वेटरला दोन-चार चिकटून घरी येतात. दोन वर्षांत बरेच साठले. त्यातल्या बहुतेकांमध्ये मी नलिनीकाकूंवर जळत असते, हे आधीच सांगून टाकते.

*

नलिनीकाकू मूळच्या नागपूरच्या. डोंगरी किल्ला त्यांनी आयुष्यात एकही चढलेला नाही. एका औषधाच्या कंपनीत गोळ्यांची तपासणी करत त्यांची सगळी नोकरी झाली. वॉल्टरचं घर त्यांच्या शेजारी. त्याचं एक पार्सल चुकून यांच्या दारात पडलं, म्हणून ते द्यायला गेल्या. गराजचं शटर उघडं होतं आणि वॉल्टर एका फ्रेंच किल्ल्याला शेवटचा रंग देत होता. चार महिन्यांचं काम. काकूंनी दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "पाऊस आला तर पाणी कुठून जाणार?"

वॉल्टरने किल्ला सगळीकडून फिरवून पाहिला. पाणी कुठूनच जाणार नव्हतं. वरच्या तटापासून खालच्या चौकापर्यंत नुसता हौद झाला असता.

त्याने ब्रश त्यांच्या हातात दिला. ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पार्सल अजून उघडलेलं नाही असं म्हणतात.

*

माझा पहिला किल्ला म्हणजे लोहगडाच्या दरवाजांची वाट. एकामागोमाग एक दरवाजे, मध्ये नागमोडी वळणं, वरून सगळीकडून मारा. मी स्वतः मोजलेली मापं होती. पायऱ्यांची उंची, तटाची रुंदी, उतार, सगळं प्रमाणात. तीन महिने लागले. टेबलावर ठेवला तेव्हा सगळे हातातलं काम सोडून भोवती आले, आणि मला वाटलं, झालं, आता शिकवायला सुरुवात करू.

समीर म्हणून आमच्यात एक नाशिकचा मुलगा आहे, इथे पीएचडी करतो. त्याने किल्ल्यावर शिबंदी चढवायला घेतली. आता आमच्या प्रत्येक शिपायाच्या पायाखाली एक गोल लोखंडी वॉशर चिकटवलेला असतो, म्हणजे तो उभा राहतो. माझा तट वॉशरपेक्षा अरुंद होता. पायऱ्या इतक्या खऱ्या होत्या की त्यांवर एक पायही टेकेना. पहिला शिपाई घसरला, तो दुसऱ्याला घेऊन गेला, आणि एकही तोफ न उडता चाळीस मावळे खालच्या दरीत जमा झाले. दोन दरवाजांच्या मध्ये अडकलेला एक जण काढायला समीरचं बोट जाईना. शेवटी वॉल्टरने चिमटा आणला.

वॉल्टरने चिमटा पुसून खिशात ठेवला. मग अतिशय आदराने म्हणाला, "अजिंक्य आहे. मालकालासुद्धा घेता येत नाही."

सगळे हसले ते ठीक. पण पुढच्या शनिवारी काकूंनी प्रत्येक पायरीवर वाळूच्या कागदाची बारीक पट्टी चिकटवून आणली आणि तटाला आतून वॉशरएवढा ओटा काढला. शिपाई ताठ उभे राहिले. शिवाय बाहेरून पाहिलं तर माझं एकही माप बदललेलं नव्हतं. मी थँक्यू म्हटलं. घरी जाऊन उशीवर बुक्क्या मारल्या.

*

काकूंचे रंग स्टीलच्या मसाल्याच्या डब्यात असतात. हळदीच्या वाटीत पिवळी माती, मोहरीच्या वाटीत काळा. किल्ल्याभोवतीची जमीन त्या चहाच्या वापरलेल्या पत्तीने करतात. ओव्हनमध्ये वाळवायची, गोंदावर भुरभुरवायची, की अस्सल सुकी माती. सगळ्या गराजला त्याचं कौतुक. मी काही विचारलं नाही. एवढ्याशा गोष्टीला विचारायचं काय?

महिनाभर मी सकाळच्या चहाची पत्ती साठवली. वाळवली. माझ्या दुसऱ्या किल्ल्याभोवती सढळ हाताने पसरली, दोन्ही खंदकांसकट. किल्ला आठवडाभर वॉल्टरच्या गराजमध्ये ठेवला.

शनिवारी शटर उघडलं तर किल्ल्याला वेढा पडलेला. मुंग्या. उत्तरेच्या बाजूने रांग आली होती, खंदक ओलांडून तटावर चढली होती आणि बुरुजात ठाण मांडून बसली होती. समीर म्हणाला, "यार मुक्ता, तुझा किल्ला पडलेला मी पहिल्यांदाच बघतोय."

काकू आल्या, वाकल्या, वास घेतला. "अगं, साखर घालायच्या आधीची पत्ती घ्यायची नं!"

आमच्या घरी चहा पातेल्यात, साखर-दुधासकट एकत्र उकळतो. काकूंच्या घरी कोरा, साखर नंतर कपात. पाच वर्षं आर्किटेक्चर शिकले, त्यात हे कुठेच नव्हतं.

*

हा किस्सा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

फोमला साधा स्प्रे पेंट चालत नाही. त्यातल्या रसायनाने फोम विरघळतो. आधी गोंदाचा जाड हात द्यावा लागतो. हे आमच्यात सगळ्यांना पाठ आहे, पण समीर त्या दिवशी लॅबमधून थकून आला होता. काकूंचा नवा बुरूज टेबलावर होता, गोंदाचा हात न दिलेला. काकू आत हात धूत होत्या. समीरने काळ्या स्प्रेचा डबा उचलला, खुळखुळवला, आणि नेम धरला.

मी ओरडले. पण ओरडायच्या आधी मोजून दोन सेकंद गप्प होते.

दोन सेकंदांत बुरुजाची एक बाजू पार खड्डे-खड्डे झाली. समीर पांढराफटक. मला सुचायला वेळ लागला, असं मी स्वतःला सांगितलं. काकू हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी बुरूज उचलला, खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर सरकवून पाहिला.

"दोनशे पावसाळे खाल्लेला दगड दिसतोय," त्या म्हणाल्या. "समीर, दुसऱ्या बाजूलाही मार थोडा."

आता गराजमध्ये सगळेच जण मुद्दाम हलका स्प्रे मारतात. त्याला 'नलिनी फिनिश' म्हणतात.

*

मग मी ठरवलं, हाताने नाही तर डोक्याने. वॉल्टरकडून एक शनिवार मागून घेतला आणि सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या बांधणीवर भाषण दिलं. चौऱ्याण्णव स्लाइड्स. दगड कुठून काढायचे, चुना कसा मळायचा, तटाच्या दोन दर्शनी भिंतींच्या पोटात दगडगोट्यांची भरती कशी घालायची. चाळिसाव्या स्लाइडला वॉल्टरची हनुवटी छातीला टेकली. साठाव्याला समीर फोनवर होता. काकू तेवढ्या शेवटपर्यंत जाग्या होत्या, मांडीवर वही घेऊन.

शेवटी मी विचारलं, काही प्रश्न? काकूंनी हात वर केला.

"तटावर जे पहाऱ्याला असायचे, त्यांचं जेवण कुठे शिजायचं?"

मी म्हटलं, त्याची नोंद नाही.

"मग जेवत नसतील," काकू म्हणाल्या, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

*

दिवाळीत इथल्या मराठी मंडळाने माझा किल्ला हॉलच्या दारात मांडायला नेला. काकू त्या वेळी मुलीकडे पार्सिपनीला गेल्या होत्या. म्हणजे संध्याकाळ पूर्ण माझी. मी साडी नेसून किल्ल्याशेजारी उभी राहिले.

पहिल्या मावशी आल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "वा, नलिनीचा का गं?" मी नाही म्हटलं, सगळं समजावून सांगितलं. मग एक काका आले. "नलिनीताईंनी या वर्षी कमाल केली." त्यांनाही नाही म्हटलं, पण जरा थोडक्यात.

तिसऱ्या काकूंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, हो.

*

आता शेवटचा. त्यासाठी आमच्या गराजचा एक नियम सांगावा लागेल.

वेढ्याच्या खेळात तोफांनी भिंत पडते; शेवटच्या फेरीपर्यंत ती उभी राहिली तर किल्लेदार जिंकला. म्हणून प्रत्येक किल्ल्याच्या तटाचा एक तुकडा सुटा असतो. भिंत पडली की तो अखंड तुकडा उचलायचा आणि त्याच मापाचा पडका तुकडा तिथे बसवायचा. तर नियम असा, की ज्याने किल्ला बांधला त्याने त्याची पडकी भिंत करायची नाही. वॉल्टरचं म्हणणं, बांधणाऱ्याचा हात मोडताना कचरतो. तो दोन दगड काढतो आणि थांबतो. म्हणून त्याच्या जुन्या सर्व्हेच्या हेल्मेटमध्ये चिठ्ठ्या टाकतात. ज्याचं नाव निघेल तो मोडतो.

दर वसंतात दोन तासांवरच्या एका हॉटेलात वॉरगेमिंगचं कन्व्हेन्शन भरतं. शनिवार-रविवार दोन दिवस, मोठा हॉल, सगळीकडून आलेली टेबलं. आमच्याकडून एकच किल्ला जातो आणि सलग तीन वर्षं काकूंचा गेला होता. यंदा माझा जावा, यासाठी मी वर्षभर राबले होते. पेशवाईच्या शेवटच्या वर्षांतला डोंगरी किल्ला, समोर इंग्रजांच्या तोफा. घसरणार नाही, मुंग्या लागणार नाहीत, आणि चुकीचा दगड शोधून दाखवा. हॉलमधल्या अनोळखी माणसांनी एकदा तरी वाकून माझी भिंत पाहावी आणि कोणाची म्हणून विचारावं, एवढंच मला हवं होतं.

मतं हात वर करून घेतात. माझ्या किल्ल्यासाठी पहिला हात नलिनीकाकूंनी वर केला. मग बाकीच्यांचे झाले. म्हणजे जिंकले तेही त्यांच्या हाताने.

मग हेल्मेट फिरलं. चिठ्ठी निघाली: नलिनी.

तीन आठवडे त्या माझ्या भिंतीचा तुकडा घरी घेऊन बसल्या. कन्व्हेन्शनच्या आदल्या शनिवारी पडकी भिंत आणली, जुन्या बांधणीच्या ओढणीत गुंडाळून, वर गाठ मारून. टेबलावर ठेवून गाठ सोडली.

माझेच दगड होते. माझेच थर, माझा चुना, माझा रंग, एकेक सांधा जुळवलेला. ते थर मध्यापर्यंत नीट चालत आले होते आणि तिथे फाटले होते. फाटलेल्या जागी भिंतीचं पोट दिसत होतं, आत दगडगोट्यांची भरती, मी भाषणात सांगितली होती तश्शी. भरतीतून पाण्याचा पन्हाळ उभा चिरलेला. माझ्या अखंड भिंतीत पाण्याला वाट ठेवायची राहूनच गेली होती. त्यांच्या मोडलेल्या भिंतीत ती होती. आणि तटाच्या आडोशाला, ढिगाऱ्यात अर्धी पुरलेली, एक चूल. कलंडलेलं भांडं. तव्यावर तांदळाच्या दाण्याएवढी भाकरी, एका कडेने करपलेली. दोरीवर एक पंचा. सगळ्यात वरच्या दगडावर एकच चप्पल.

वॉल्टरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. समीरने फोन काढला आणि फोटो काढायला लागला. माझ्या किल्ल्याचे त्याने वर्षभरात दोन काढले होते.

काकू माझ्याकडे वळल्या. "तू म्हणाली नं त्या दिवशी, नोंद नाही म्हणून? मग मी आपली घालून टाकली चूल. चालेल नं?"

मी म्हटलं, चालेल.

कन्व्हेन्शनच्या शनिवारी किल्लेदार मी होते आणि इंग्रजांच्या तोफा समीरकडे. पडकी भिंत टेबलाखाली, ओढणीत गाठ मारून. ती भिंत पडेल तरच वर येणार होती. समीरने सकाळपासून हॉलभर फोटो दाखवत फिरून गिऱ्हाइकं गोळा केली होती. आमच्या टेबलाभोवती वीस-पंचवीस माणसं उभी. पिवळा स्वेटर घातलेल्या एका बाईंनी तर खुर्चीच आणली. त्या सगळ्यांनी माझ्या किल्ल्याला वाकून नमस्कार केल्यासारखं टेबलाखाली पाहिलं.

मी आयुष्यात कधी इतकी चांगली लढले नाही. दरवाजा वाऱ्यावर सोडला, माची सोडून दिली, सगळी माणसं आणि दोन्ही तोफा त्या एका भिंतीमागे आणल्या. समीरच्या तोफा एकेक करून गप्प केल्या. तो म्हणाला, "मुक्ता, दरवाजा उघडा आहे, मी आत येतोय." मी म्हटलं, ये. आत आलास तरी भिंत उभीच राहणार आहे.

पिवळ्या स्वेटरच्या बाईंनी काकूंना हळूच विचारलं, ती कधी पडणार? काकू म्हणाल्या, किल्लेदार चांगली आहे, पडेलसं वाटत नाही. आणि त्यांच्या आवाजात ऐटच होती. तीही माझ्याबद्दलची.

शेवटची फेरी. समीरची एकच तोफ उरली होती. भिंत पाडायला दोन फाशांवर नऊ हवे होते. त्याने हाताच्या ओंजळीत फासे बराच वेळ खुळखुळवले आणि टाकले. पाच आणि तीन. आठ.

वीस-पंचवीस माणसं एकदम हळहळली. माझ्या विजयावर.

वॉल्टरने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. माणसं दुसऱ्या टेबलांकडे गेली. बाईंनी खुर्ची परत नेऊन ठेवली. भिंत माझी उभी होती, एक टवकाही न उडालेली, आणि तिच्यासमोर कोणी नव्हतं. काकूंनी टेबलाखालून ओढणीचं गाठोडं काढलं, दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "छान लढलीस हो," त्या म्हणाल्या, आणि ते गाडीत ठेवायला घेऊन गेल्या. चालताना त्या खाली बघत होत्या, भाकरी पडू नये म्हणून.

रविवारी दहाला तोच खेळ पुन्हा होता. सकाळी साडेआठला मी पार्किंग लॉटमध्ये एकटीने डबे उतरवले. बुरूज नेले, दरवाजा नेला, शिबंदीचे दोन्ही ट्रे नेले, ओढणीचं गाठोडं नेलं. अखंड भिंतीचा डबा गाडीतच राहू दिला आणि डिकी लावली.

किल्ला मांडून झाला. तटात मधोमध एका हाताएवढी जागा रिकामी राहिली. काकू कॉफी घेऊन आल्या, त्यांनी ती जागा पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "काकू, ओढणीची गाठ सोडा."